हॉक्सचं पान फाटलंय

२ मार्च

दादा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. माझा नंबर तू ब्लॉक केलायस म्हणून तुझ्या प्रेसच्या पत्त्यावर लिहितोय. पाकिटावरचा पत्ता मुद्दाम नाजूक, वळणदार अक्षरात काढलाय. कुणा मुलीचं पत्र समजून तरी फोडशील.

प्रश्न एकच आहे, तोही इंग्रजीचा. तू दिवसभर इंग्रजी पुस्तकांच्या चुका काढतोस, तुला एका ओळीत सांगता येईल. प्रँक आणि हॉक्स यांत फरक काय?

तुझी जाडी डिक्शनरी अजून कपाटावर आहे. प्रँक सापडला, 'खोडी, गंमत म्हणून केलेली चेष्टा'. एवढं मलाही येत होतं, त्यावरच तर माझं नाव चाललंय. हॉक्स सापडेना, कारण एचची पानंच नाहीत. ती कुठे गेली ते तुला आठवत असेल. गच्चीवरून सगळ्यात लांब गेलेलं विमान एचचं होतं, आणि मार तू खाल्लास.

मला नोकरी लागलीये. फायर ब्रिगेडमध्ये. लगेच छाती फुगवू नकोस, आग विझवायला नाही घेतलं, विझवून आलेले पाइप धुवायला घेतलंय. जाड कापडाचे पाइप असतात, आतून रबर. काजळी, चिखल, काय काय लागलेलं असतं. ते आवारात लांबच्या लांब पसरायचे, ब्रशने घासायचे आणि मग उंच मनोऱ्यात दोरीने वर ओढून वाळायला लटकवायचे. खालून बघितलं की कुणीतरी अख्ख्या गावाच्या नाड्या धुवून वाळत घातल्यात असं वाटतं.

तर झालं असं की कंट्रोल रूममधल्या बाई हात धुवायला गेल्या आणि माईक मोकळा होता. मोकळा माईक आणि मी, तू मला ओळखतोस. साहेबांचा आवाज काढला. म्हटलं, 'सर्वांनी ताबडतोब आवारात रांगेत उभं राहावं. बूट काढून.' सगळे आले. मोज्यांवर. तापलेल्या फरशीवर एक पाय खाली एक पाय वर करत उभे. मजा त्यात नव्हती, मजा साहेबांची. ते खिडकीत आले, रांग बघितली आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं आलं की हुकूम आपणच दिला होता आणि कशासाठी ते विसरलो. त्यांनी बूट काढायला सुरुवात केली तेव्हा मला हसू आवरेना, आणि माईक चालूच होता.

साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, "हा प्रँक होता म्हणून तू अजून इथे उभा आहेस. हॉक्स असता तर घरी गेला असतास." आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. 'हॉक्स कॉल करणे हा गुन्हा आहे.' तेव्हापासून सगळे मला भोंगा म्हणतात, आणि ती पाटी माझ्या डोक्यातून जात नाहीये. का जात नाहीये ते विचारू नकोस. फरक तेवढा कळव.

बाबा बरे आहेत. रविवारी तर फारच बरे असतात.

तुझा भाऊ
(ब्लॉक केलेला)

११ मार्च

दादा,

उत्तर नाही. बरं. पत्र पोचलंच नाही असं मी धरून चालतो. तू वाचून गप्प बसलायस असं धरलं तर बसल्या जागी माझा पाय उडायला लागतो, टेबल हलतं आणि कंट्रोलबाई माझ्याकडे बघतात.

कंट्रोलबाई म्हणजे आगीचे फोन घेतात त्या. साहेबांनी शिक्षा म्हणून मला पाइप धुवून झाले की त्यांच्याशेजारी बसवलंय. माईकशी खेळायची हौस आहे ना, मग तिथे बसून काय काय ऐकावं लागतं ते ऐक, असं त्यांचं म्हणणं. बाईंचा आवाज एका पट्टीतला, कढत चहासुद्धा त्या त्याच पट्टीत मागवतात. तू काही कळवत नाहीस म्हटल्यावर त्यांनाच विचारलं. कानावरचा हेडफोन न काढता म्हणाल्या, "प्रँक करणारा शेवटी हसत बाहेर येतो. हॉक्सवाला बाहेर येतच नाही. आमची माणसं जिने चढत असतात आणि तो कुठेतरी आरामात बसलेला असतो."

मी विचारलं, मग खोटा फोन ओळखता कसा. तर म्हणे उलटा फोन करायचा. ज्या नंबरवरून आला त्यालाच आपण फिरवायचा. खरा असेल तर समोरचा ओरडतच उचलतो, खोटा असेल तर उचलत नाही, नाहीतर उचलून श्वास घेत बसतो. पण ते नंतर. गाडी तोवर निघालेली असते. कितीही खोटा वाटला तरी गाडी काढायची, आणि जाऊन डोळ्यांनी बघितल्याशिवाय खोटं म्हणायचं नाही. हा त्यांचा नियम आहे. मला तो जरा वेडगळ वाटला. तेव्हा वाटला.

आता बाईंच्या हिशेबाने तुला बाबांच्या आवाजात केलेला फोन हा प्रँकच. चोख बसतो त्यात. मी काय बोललो होतो तेही पाठ आहे, 'घरी ये रे, तुझ्याशिवाय दुकान बंद असल्यासारखं वाटतं.' बाबा असलं वाक्य मेले तरी बोलायचे नाहीत, मला वाटलं तू तिथेच पकडशील. तू पकडलं नाहीस. तू म्हणालास, "येतो बाबा. उद्याच निघतो." ते म्हणताना तुझा आवाज जसा झाला तसा मला अजून काढता येत नाही. खूप प्रयत्न केलाय. मग मी हसत बाहेर आलो, टॅण्टॅणा म्हणालो, सगळं नियमाप्रमाणे. तू फोन ठेवलास तो ठेवलासच.

पण दुसरा एक आहे. त्यात मी अजून हसत बाहेर आलेलो नाही. एका दमात सांगतो, नाहीतर राहील.

आवाज फुटल्यापासून मला डिट्टो तुझा आवाज काढता येतो, हे तुला माहीत नसेल, तू तेव्हा गेला होतास. एका रविवारी मी नवीन सिमकार्ड घातलं, पाइपांच्या मनोऱ्यात उभा राहिलो आणि बाबांना लावला. मनोऱ्यातच का, तर तिथे आवाज जरा घुमतो, लांबून आल्यासारखा वाटतो. ठरवलं होतं की दोन वाक्यं बोलायची आणि टॅण्टॅणा. फोन उचलला तेव्हा मागे शिलाई मशीन चालू होतं, बाबा दुरुस्त झालेलं मशीन रिकामंच पळवून बघतात ना, तसं. मी म्हटलं, हॅलो बाबा, मी. मशीन थांबलं. मला वाटलं आता शिव्या. तू निघालास त्या दिवशीचं, 'दुसऱ्यांच्या चुका शोधायला एवढ्या लांब कशाला जातोस, घरात कमी आहेत का' तेच पुन्हा. आणि मग बाबा म्हणाले, "जेवलास का?"

मी म्हटलं, हो.

टॅण्टॅणा तोंडातच राहिलं, दादा. आई असती तर पहिल्याच हॅलोला म्हणाली असती, माकडा, मनोऱ्यात काय करतोयस. ती नाही, त्यामुळे तो फोन नीट पूर्ण झाला. आणि पुढच्या रविवारी पुन्हा केला. दर रविवारी करतो. बाबांना मोबाइलवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून घरी आल्यावर त्यांनी मलाच सांगितलं, हा नंबर थोरल्याच्या नावाने घालून दे. दिला.

आता हे काय, ते तू सांग. बाईंना विचारायची हिंमत नाही.

२० मार्च

दादा,

बाबा तुझ्याशी काय बोलतात ते तुला कळायला हवं. बोलतात तुझ्याशी, ऐकतो मी, हे काही बरोबर नाही.

आधी सगळं कामाचंच असतं. कुणाचं मशीन आलं, कुणी खुळ्यासारखं खोबरेल तेल घालून आत चिकट करून ठेवलं, कुणाच्या मशीनचा फक्त पट्टा सैल होता आणि ती बाई नवीन घ्यायला निघाली होती. आवाजावरून सांगतात अजून. मशीन गिऱ्हाइकाच्या रिक्षातून उतरायच्या आत, हालतंय कुठे ते सांगतात. आणि पोरांचा आवाज ओळखत नाहीत. मला त्याची गंमत वाटायची. हल्ली वाटत नाही.

कामाचं झालं की माझ्यावर येतात. गेल्या रविवारी म्हणाले, "धाकटा वाईट नाही रे. पण त्याच्याशी बोलायला गेलं की तो कुणाचा तरी आवाज काढतो. त्याचा स्वतःचा आवाज कसा आहे तेच मला धड माहीत नाही."

मी वर लटकणाऱ्या पाइपांकडे बघत होतो, त्यातून पाणी ठिबकत होतं. तुझ्या आवाजात म्हटलं, 'सुधारेल हो बाबा.' ते म्हणाले, तू सांग त्याला, तुझं ऐकतो.

मी घरी आलो आणि जेवताना माझ्या आवाजात बोलायचं ठरवलं. भाजी वाढा, म्हटलं. ते साहेबांच्या आवाजात आलं. सवय.

खरा घोळ डोळ्यांचा आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सुई ओवायला मला हाक मारतात, बारीक स्क्रू हातातून पडला की गुडघ्यावर बसून फरशी चाचपतात आणि मी आत आलो की खाली वाकून पाय दाबत असल्याचं नाटक करतात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, पिकलाय, आता लांबवू नका, जितका उशीर कराल तितकं अवघड. मी सांगून थकलो. मला म्हणतात, 'तुझा चेहरा अर्धाच दिसतो, तेच बरंय.' चेष्टेत घालवतात. ती सवय आपल्या घरात कुठून आली ते कळलं मला.

आणि तुला फोनवर म्हणाले, "तू आलास की करून टाकू. पट्टी काढताना घरातलं मोठं कुणी असावं."

दादा, मी काय करायला हवं होतं? सुट्टी नाही म्हणायचं, साहेब देत नाहीत म्हणायचं, फोन कट झाल्याचं नाटक करायचं, मला तर खरखर, शिटी, दोन बायकांचं भांडण, सगळं तोंडाने काढता येतं. यातलं काही सुचलं नाही. मी म्हटलं, "येतो बाबा."

तुझेच शब्द, तुझ्याच आवाजात. तूच तेवढा नव्हतास.

बाबा दुसऱ्याच दिवशी एकटे डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि बारा एप्रिल ठरवून आले.

२७ मार्च

दादा,

घाईत लिहितोय. बाबांनी तुझ्या कॉटवरचे मशीनचे सुटे भाग उचलले. तू गेल्यापासून तिथे ढीग होता, मला झोपायला दिली नव्हती ती कॉट. चाकं, पट्टे, पायट्या, सगळं खोक्यांत भरून दुकानात नेलं. गादी उन्हात टाकली. त्या खोलीतला दिवा गेलेला होता तो बदलला, स्वतः स्टुलावर चढून, चाचपत. मी पाय धरून उभा होतो. वरून म्हणाले, थोरल्याला वाचायला लागतं.

गिऱ्हाइकांना सांगतात, बारा तारखेनंतर या, माझा थोरला येतोय.

बाई म्हणतात ना, गाडी तोवर निघालेली असते. बाबांची गाडी निघालीये, दादा, घंटा वाजवत, आणि आग कुठेच नाही. पाटीकडे बघायला नको म्हणून मी कंट्रोल रूममध्ये पाठ फिरवून बसतो आता.

या रविवारी मी फोनच केला नाही. म्हटलं आपोआप संपेल. सुट्टी घेऊन घरी राहिलो. बाबा दुकानात मोबाइल मशीनच्या पाटावर ठेवून बसले. मशीन चालवलंच नाही, चालवलं तर घंटी ऐकू येणार नाही म्हणून. एक बाई मशीन न्यायला आली तिला म्हणाले, जरा हळू बोला. दुपार झाली. मी मागच्या दाराने बाहेर पडलो, फायर स्टेशनपर्यंत पळत गेलो आणि मनोऱ्यात जाऊन फोन लावला. धाप लागली होती. बाबा म्हणाले, पळत होतास का? मी म्हटलं, काम होतं. म्हणाले, "काम असेल तेव्हा नको करत जाऊस. मी काही वाट बघत नव्हतो."

एक विचारायचंय, शब्दाचंच. हॉक्स चालू असताना मधेच बाहेर आलं तर त्याचा प्रँक होतो का? की त्याला काही मुदत असते आणि ती उलटून गेली की हसत बाहेर आलं काय, रडत आलं काय, सारखंच? आपल्याकडे खोडी म्हणतात, मस्करी म्हणतात, थाप म्हणतात, चावटपणा म्हणतात. इतके शब्द आहेत आणि एकातही मी बसत नाहीये.

तू येणार नसशील तर नुसतं नाही एवढं कळव. आलं नाही काही तर मी सांगून टाकणार आहे.

३ एप्रिल

दादा,

सांगितलं.

एक तारखेलाच सांगणार होतो, मग लक्षात आलं की एक एप्रिल आहे. त्या दिवशी मी सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं असतं तरी बाबांनी खिडकीतून खात्री केली असती. म्हणून दोन तारखेला.

बाबा मशीन आडवं पाडून खालून तेल देत होते. मी समोर बसलो आणि माझ्या आवाजात बोललो. खरंच माझ्या. तो जरा चिरका आहे, ऐकून मलाच ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, बाबा, रविवारचे फोन मी करत होतो. दादा नाही. दादाला यातलं काही माहीत नाही, दादा येणार नाहीये.

त्यांनी तेलाची कुपी खाली ठेवली नाही. एक थेंब, मग दुसरा थेंब, जिथे द्यायचा तिथेच देत होते. मग मशीन उभं केलं आणि चाक हाताने फिरवलं. मग म्हणाले, "जेवलास का विचारलं की हो कोण म्हणायचं?"

"मीच."

"जेवलेला असायचास?"

"असायचो."

"बरं."

मी थांबलो. थोबाडीत बसेल असं वाटत होतं, बसली असती तर बरं झालं असतं. काही नाही. मला टॅण्टॅणा म्हणायचं होतं का? नाही, पण बाहेर आल्यावर काहीतरी व्हायला हवं ना, कुणीतरी हसायला, नाहीतर मारायला. बाबांनी मोबाइल माझ्यापुढे केला आणि म्हणाले, ते थोरल्याचं नाव काढून टाक. मी काढलं. म्हणाले, डॉक्टरीणबाईंनाही फोन कर, बाराला जमणार नाही म्हणावं.

मी खूप गयावया केली. मी आहे ना, मी थांबतो पट्टी काढताना. म्हणाले, "कुणाच्या आवाजात थांबशील?"

डॉक्टरीणबाईंना मी फोन केला नाही. केला म्हणून सांगितलं. ही आणखी एक थाप, हिला इंग्रजीत काय म्हणतात ते विचारत नाही.

कॉटवर अजून गादी आहे. खोकी परत आणली नाहीत.

९ एप्रिल

दादा,

काल दुपारी तू बाबांना फोन केलास. म्हणजे माझी पत्रं पोचत होती. सगळी एकदम वाचलीस की एकेक, ते मी विचारत नाही. पहिल्या फोनवर बाबा तुला काय म्हणाले ते तुला माहीत आहे, पण का म्हणाले ते कळलं नसेल, म्हणून सांगतो.

मी तेव्हा कामावर होतो. संध्याकाळी घरी आलो तर बाबा म्हणाले, "नवीन कार्ड घेतलंस?" मला कळेना. म्हणाले, "दुपारी केलास तो. मी 'पुरे कर आता, वात्रटा' म्हणून ठेवला. आणि आवाज या वेळी जमला नाही तुला. जरा घोगरा काढलास."

म्हटलं, बाबा, तो मी नव्हतो. ते हसले. खरोखर हसले, बऱ्याच दिवसांनी, आणि म्हणाले, कमाल आहे तुझी. आईची शपथ घेतली, तर म्हणाले, तिला तरी सोड. मी जितकं खरं बोलत होतो तितकं ते जास्त खोटं वाटत होतं, माझं मलाच वाटत होतं. मी असा घरभर फिरायला लागलो, स्वयंपाकघर, दुकान, तुझी खोली, पुन्हा दुकान. बाबा म्हणाले, बस एका जागी, चक्कर येते मला.

तेव्हा मला बाई आठवल्या. मी बाबांना त्यांचा नियम सांगितला, कितीही खोटा वाटला तरी गाडी काढायची, बघितल्याशिवाय खोटं म्हणायचं नाही. आणि उलट्या फोनचं सांगितलं. म्हटलं, तुम्ही स्वतः लावा त्या नंबरला. मी तुमच्यासमोर बसतो.

बाबा म्हणाले, "उलटा फोन मला आधीही करता आला असता. त्या रविवारच्या नंबरला. सुचलं नव्हतं असं नाही."

"मग का नाही केला?"

"तूच उचलला असतास तर?"

मग मी आत गेलो, तांब्याने तोंडात पाणी भरलं, गाल फुगवून आलो आणि त्यांच्यासमोर स्टुलावर बसलो. पाण्याने भरलेल्या तोंडाने कुणाचाच आवाज निघत नाही, मी लहानपणापासून करून बघितलंय. आता पुढचं तू फक्त ऐकलंस. मी बघितलं ते सांगतो.

नंबर लावताना त्यांनी मोबाइल नाकाला लावला होता. घंटी जात होती तोवर ते माझ्याकडे बघत होते, पण त्यांना कितपत दिसत असेल, माझ्या मागे खिडकी होती. म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या गालावर ठेवला. तेलाचा हात. एक बोट ओठांवर. तेवढ्यात तू हॅलो म्हणालास. त्यांनी बोट दाबलं. ओठ हालत नाहीत ना ते बघत होते. तू पुन्हा म्हणालास, बाबा? ते काही बोलले नाहीत ना बराच वेळ? तुला वाटलं असेल, पुन्हा ठेवतायत. ते ठेवत नव्हते. चाक हाताने फिरवून कान देतात तसं तोंड करून बसले होते. मग त्यांनी विचारलं, जेवलास का, आणि तू म्हणालास, नाही बाबा, अजून नाही.

तेव्हा त्यांच्या हातातून फोन निसटला. तो खरखर आवाज आला तो तोच, मी काढलेला नव्हता. मी रविवारी नेहमी हो म्हणायचो. त्यांना बहुतेक तिथेच कळलं.

पुढे तुम्ही दोघं जे काही बोललात, मशीनचं आणि प्रेसचं आणि तिकडच्या हवेचं, ते सगळं होईपर्यंत त्यांचा हात माझ्या गालावरच होता. खात्री करून झाली होती, पण काढायचा विसरले. मी निम्मं पाणी गिळलं, निम्मं धरून ठेवलं. उठलो असतो तर त्यांच्या लक्षात आलं असतं.

तू माझा नंबर काढलायस ब्लॉकच्या यादीतून, हे आज सकाळी कळलं. तुझा मेसेज आला, 'हॉक्स म्हणजे तोच, जो तू केलास. बावळट.' चला, एचचं पान सापडलं. तरी हे पत्रच लिहितोय, कारण जे सांगायचंय ते माझ्या आवाजात फोनवर सांगितलं तर तुझाही विश्वास बसायचा नाही, आणि तुला दोष नाही. पोस्टातला माणूस म्हणाला तातडीचं टपाल उद्या पोचतं.

तर ऐक. शेवटी तू विचारलंस, बाराला येऊ का, आणि बाबा म्हणाले, सुट्टी नसेल तर राहू दे, मी पुढे ढकललंय. ढकललेलं नाही. मी डॉक्टरीणबाईंना फोनच केला नव्हता, बाराचं बाराला आहे, आणि बाबांना ते मी आज सकाळी सांगितलं. ते म्हणाले, असू दे मग. आणि तुला ते 'राहू दे' म्हणाले ना, तेव्हा त्यांनी माझा गाल इतका जोरात धरला की माझ्या तोंडातलं पाणी त्यांच्या सदऱ्यावर गेलं. त्यांनी पुसलंही नाही. फोन ठेवल्यावर तुझ्या खोलीत जाऊन दिवा लागतो का ते बघून आले. भर उजेडात.

ते 'राहू दे' तुला खरं वाटत असेल, मला खोटं वाटतंय, आणि आपण दोघंही त्यांना समोरून बघितल्याशिवाय सांगू शकत नाही. आमच्याकडे अशा वेळी एकच करतात.

गाडी काढ, दादा.

तुझा
भोंगा